अर्जातील भाषा समिती



जळगावच्या एका व्यापारी बंधूंच्या मुलास अध्ययन अक्षमता आहे. शाळेने परीक्षेतील सवलत तोंडी नाकारली. त्यांच्या फेरअर्जात ‘दया’, ‘उपकार’ हे शब्द वारंवार होते. नेमकी मागणी कोठेच नव्हती. निदानाचा उल्लेखही लोकलज्जेस्तव टाळला होता. आम्ही तो नव्याने लिहिला:

“प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६, कलम १६ व १७ नुसार मुलास जादा वेळ व लेखनिक मिळावा. निर्णय लेखी कळवावा.”

पोच अवश्य घ्यावी. पुढे पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे दाद मागताना तीच उपयोगी पडते.

भाषा समिती हितकर व मोजके बोलावयास शिकविते. येणे मागताना आपण रक्कम व मुदत स्पष्ट लिहितो. मग लेकराच्या हक्काविषयीच संकोच का?