सुईच्या टोकाएवढी जखम

छोट्या विमानाची चाके वर घेण्याचे काम अनेकदा तेलाच्या दाबावर चालते. पायपर सेनेकासारख्या दोन इंजिनांच्या विमानात विजेवर चालणारा पंप हे तेल बारीक नळ्यांमधून ढकलतो आणि त्या दाबावरच चाके वर धरलेली राहतात. कुठे गळती लागली, की दाब टिकवण्यासाठी पंप उड्डाणात पुन्हा पुन्हा सुरू होऊ लागतो. हे तेल इंधनासारखे जळून संपत नाही. पातळी उतरली, म्हणजे ते कुठून तरी बाहेर गेले. अशा वेळी नुसते तेल भरून वेळ मारून नेणे म्हणजे ताप कशाने आला हे न पाहता रोज पॅरासिटामॉल घेण्यासारखे आहे. गळती शोधायलाच हवी. प्रश्न आहे तो कशाने शोधायची याचा.

वर्कशॉपमध्ये जुनी सवय असते ती हाताने चाचपण्याची. यंत्रणा दाबाखाली असताना मेकॅनिक नळीवरून, सांध्यावरून बोट फिरवतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय दाब असतो. कातडी भेदायला १०० पीएसआय पुरतो. चाकांच्या यंत्रणेत हाच दाब हजाराच्या पुढे जातो. नळीला पडलेल्या बारीक छिद्रातून निघणारी धार डोळ्यांना दिसतही नाही, पण बोटात सुईसारखी घुसते. साधे हातमोजे ती अडवू शकत नाहीत.

पुढची फसवणूक शरीर करते. जखम टाचणी टोचल्याएवढी, रक्त जेमतेम, दुखणे सुरुवातीला किरकोळ. माणूस बोट पुसून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र तेल स्नायुबंधांच्या आवरणातून तळहातापर्यंत पसरते. सूज वाढते, रक्तपुरवठा दबतो आणि तेलातल्या रसायनांनी पेशी मरू लागतात. रात्री ठणका असह्य होतो, तेव्हा मोलाचे तास निघून गेलेले असतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय आढाव्यात हाताच्या अशा जखमांमध्ये सुमारे ३० टक्के रुग्णांचे बोट किंवा हाताचा काही भाग कापावा लागल्याचे आढळले.

दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. कॅज्युअल्टीत असा रुग्ण आला, की पुष्कळदा धनुर्वाताचे इंजेक्शन, वेदनाशामक गोळी आणि ‘सूज आली तर उद्या या’ एवढ्यावर त्याची बोळवण होते. ही जखम बाहेरून मोजायची नसते. ‘काय टोचले?’ याबरोबरच ‘किती दाबाने, कोणते द्रव?’ हे विचारायला हवे. उत्तर दाबाखालचे तेल असे आले, तर लगेच शस्त्रक्रिया करून आतले तेल आणि मेलेला भाग काढणे हाच खरा उपचार. पहिले सहा तास महत्त्वाचे. सर्जन नसेल, तर सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णाला पुढे पाठवावे. बोटाच्या मुळाशी भूल देऊ नये; त्याने आतला दाब आणखी वाढतो.

वर्कशॉपमध्येही नियम सोपे आहेत. सांधे आधी पुसून कोरडे करावेत, गॉगल घालावा, दाब दिल्यावर टॉर्चने लांबूनच पाहावे. संशय असेल तिथे लांब काठीला लावलेला पुठ्ठा धरावा. नट सैल करण्यापूर्वी दाब पूर्ण उतरवावा. टोचलेच, तर शेकू नये, चोळू नये, हात उंच धरावा, काही खाऊ नये आणि तेलाच्या डब्यावरचे लेबल सोबत न्यावे.

महाराष्ट्रात विमानांची वर्कशॉप मोजकी आहेत. पण जेसीबी, ट्रॅक्टर, डिझेल इंजेक्टर आणि ग्रीस गन गावोगावी आहेत आणि त्यांची धार तशीच घुसते. म्हणून ही सूचना प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लागली पाहिजे, आणि कॅज्युअल्टीतल्या केसपेपरावर वरचा प्रश्न छापलेला असला पाहिजे. दोन्हींना खर्च जवळजवळ नाही. बदललेली नळी दुसऱ्या दिवशी मिळते. हातावर पोट असलेल्या माणसाला बोट मात्र पुन्हा मिळत नाही.