खेळातील युद्ध आणि खेळाची मालकी

समाजवादी पक्षाच्या साप्ताहिकाने खेळण्यांच्या एका पेटीसाठी जागा खर्च करावी, हे काही कार्यकर्त्यांना खटकेल. महागाई, बेकारी आणि शेतमालाचे भाव हे प्रश्न दाराशी उभे असताना प्लॅस्टिकच्या शिपायांची चर्चा कशाला, असे ते विचारतील. प्रश्न रास्त आहे; परंतु त्याचे उत्तर कामगार चळवळीच्या इतिहासातच आहे. रॉबर्ट ओवेनपासून ज्यांनी आठ तासांच्या कामाची मागणी केली, त्यांनी आठ तासांच्या विश्रांतीबरोबर आठ तास करमणुकीचेही मागितले होते. कामाच्या तासांवर मालकाचा ताबा किती असावा, याचा चळवळीने पुष्कळ विचार केला. फुरसतीच्या तासांवर कोणाचा ताबा चालतो, याचा हिशेब मात्र तिने क्वचितच मांडला. तो मांडण्यासाठी ही पेटी सोयीचे उदाहरण आहे.

पेटी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील गेम्स वर्कशॉप या कंपनीची. 'वॉरहॅमर ४०,०००' हा तिचा सर्वांत प्रसिद्ध युद्धखेळ १९८७ मध्ये निघाला. टेबलावर खोट्या टेकड्या आणि पडक्या इमारती मांडायच्या, छोटे सैनिक मोजपट्टीने अंतर मोजून पुढे सरकवायचे आणि माऱ्याचा परिणाम फाशांनी ठरवायचा, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. जून २०२३ मध्ये या खेळाची दहावी आवृत्ती आली ती 'लेव्हायथन' नावाच्या पेटीतून. तीत एकंदर ७२ लघुमूर्ती होत्या. त्यांपैकी २५ 'स्पेस मरीन' या अतिमानवी सैनिकांच्या आणि ४७ 'टिरॅनिड' या अंतराळातून येणाऱ्या भक्षक जीवांच्या. सोबत नियमांचे जाडजूड पुस्तक आणि सामन्यांचे प्रसंग ठरविणारे पत्ते. किंमत १५० पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे साडेपंधरा हजार रुपये.

वस्तू म्हणून पाहिले तर पेटीला नावे ठेवण्यास फारशी जागा नाही. एका मूर्तीला दोन पौंडांहून किंचित अधिक पडतात. याच कंपनीच्या सुट्या खोक्यांच्या मानाने हा भाव स्वस्त आहे. साचे अत्यंत नेटके आहेत. तुकडे डिंकाशिवाय एकमेकांत बसतात, त्यामुळे नवख्याचा हात अडत नाही. दोन पूर्ण पक्ष एकाच पेटीत असल्याने दोघा मित्रांनी निम्मे निम्मे पैसे घालून ती घेतली, तर त्याच आठवड्यात खेळ सुरू होऊ शकतो. दोष आहे तो प्रमाणाचा. ज्याने आयुष्यात कुंचला धरलेला नाही, त्याच्यापुढे ७२ बिनरंगी मूर्ती आणि एवढे मोठे पुस्तक एकदम ठेवले, तर उत्साहापेक्षा धास्तीच वाटण्याचा संभव अधिक. रंग व कुंचले पेटीत नव्हते, तो खर्च वेगळा. पुढे कंपनीने याच मूर्तींपैकी काही निवडून लहान, मध्यम व मोठी अशा तीन प्रारंभिक पेट्या काढल्या. त्यांतील सर्वांत लहान पेटीत १६ मूर्ती आणि सोबत रंग व कुंचला होता. नवख्याच्या दृष्टीने तीच अधिक शहाणपणाची. एकाच साच्यातील माल प्रत्येक ग्राहकाच्या ऐपतीनुसार निरनिराळ्या पेट्यांतून कसा विकावा, याचा तो उत्तम पाठही आहे.

या व्यवहाराचे एक अंग अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष विचार करावयास लावते. ग्राहक येथे पूर्ण किंमत मोजून अपुरी वस्तू विकत घेतो. चौकटीतून तुकडे कापणे, त्यांच्या कडा घासणे, ते जोडणे आणि आठवडेच्या आठवडे बसून रंगविणे हे सारे श्रम त्याचे स्वतःचे. कारखानदाराने शेवटचे काम ग्राहकावर ढकलले, असे म्हणून हे झटकून टाकता येईल. पण हे श्रम करणारा आनंदाने करतो, हे खरे. कारण त्याच्या डोक्यावर मुकादम नाही, घड्याळ नाही, आणि हातून घडलेली वस्तू त्याच्याच मालकीची राहते. विल्यम मॉरिस यांनी उपयुक्त काम आणि निरर्थक राबणूक यांत १८८० च्या दशकात जो भेद केला, त्यातील पहिल्या प्रकारची चव दिवसभर कार्यालयात आकडे लिहिणाऱ्या माणसाला रात्री एखाद्या शिपायाच्या खांद्यावर लाल रेघ ओढताना मिळते. ती त्याला आठ तासांच्या नोकरीत मिळत नाही, ही टीका त्या खेळण्यावर नसून नोकरीच्या व्यवस्थेवर आहे. या छंदाची टिंगल करणाऱ्या समाजवाद्याने हे ध्यानात ठेवावे.

मग आक्षेप कशाला घ्यावयाचा? तो मूर्तींना नव्हे, नियमांच्या मालकीला घ्यावयाचा. खेळाची आठवी आवृत्ती २०१७ मध्ये आली, नववी २०२० मध्ये, दहावी २०२३ मध्ये. दर तीन वर्षांनी नियमांचे जुने पुस्तक रद्दीत जाते. प्लॅस्टिकचा शिपाई झिजत नाही, म्हणून त्याचे मूल्य झिजविण्याची ही युक्ती आहे. जुन्या नियमांनी खेळण्यास कायद्याची मनाई नाही, हे खरे. पण खेळाला दुसरा गडी लागतो. बाकीचे सारे नव्या नियमांकडे गेले की जुने पुस्तक धरून बसणाऱ्याला जोडीदार उरत नाही. दहाव्या आवृत्तीचे मूळ नियम कंपनीने विनामूल्य उपलब्ध केले, हे मान्य केले पाहिजे. तथापि एकेका सैन्याची स्वतंत्र नियमपुस्तके त्यानंतर ओळीने विक्रीस आलीच. शिवाय प्रचलित पूर्ण सामना २००० गुणांच्या सैन्यांचा असतो, आणि पेटीतील कोणताही एक पक्ष त्या मापाला पुरत नाही. पेटी स्वस्त असते ती याचसाठी. ते उंबरठ्यावरचे आमंत्रण आहे. जेवणाचे बिल पुढे येते.

रिकार्डो यांनी जमिनीच्या खंडाची मीमांसा केली. सुपीक जमीन मर्यादित, म्हणून तिच्या मालकाला न राबता खंड मिळतो. येथे जमिनीची जागा कल्पनेने घेतली आहे. प्लॅस्टिकला कोणी विचारीत नाही. साचा आणि त्याहून अधिक त्या साच्यामागची कथा, नावे, चिन्हे यांवरील हक्क हेच खरे भांडवल. २०२४-२५ या आर्थिक वर्षात कंपनीचे उत्पन्न सुमारे ६१ कोटी ७५ लाख पौंड होते आणि करपूर्व नफा सुमारे २६ कोटी २८ लाख. शंभर पौंडांच्या उत्पन्नात बेचाळीसहून अधिक नफा, हे प्रमाण सामान्य कारखानदारीत आढळत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारातील पहिल्या शंभर कंपन्यांत तिचा समावेश झाला.

येथे नॉटिंगहॅमचा इतिहास आठवतो. याच भागात १८११ मध्ये विणकरांनी यंत्रचौकटी फोडण्यास आरंभ केला, आणि त्या अपराधाला फाशी देणाऱ्या कायद्याविरुद्ध १८१२ मध्ये कवी बायरन लॉर्ड्सच्या सभागृहात उभे राहिले. पुढे लेस, सायकली आणि सिगारेटी यांवर ते शहर जगले. रॅले कंपनीचे तेथील सायकलनिर्मितीचे काम २००२ मध्ये थांबले. इतर उद्योगांनी कारखाने स्वस्त मजुरीच्या देशांत हलविले, त्या काळातही या कंपनीने मूर्ती ओतण्याचे मुख्य काम नॉटिंगहॅममध्ये ठेवले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. २०२४-२५ मध्ये नफ्यातील सुमारे दोन कोटी पौंड तिने कर्मचाऱ्यांत वाटले, हेही खरे. परंतु त्याच वर्षी भागधारकांना सुमारे सतरा कोटी पौंड लाभांश जाहीर झाला. ज्यांचे हात साचे कोरतात त्यांना दोन आणि ज्यांचे हात केवळ शेअर धरतात त्यांना सतरा, एवढे सांगितले म्हणजे वाटणीचे गणित वेगळे मांडावे लागत नाही.

कल्पनेच्या या जमिनीला कुंपण कसे पडते, याचा एक दाखला पुरेसा आहे. 'स्पेस मरीन' हा शब्दप्रयोग अमेरिकी विज्ञानकथेत १९३२ पासून आहे, म्हणजे ही कंपनी जन्मण्यापूर्वी त्रेचाळीस वर्षे. तरीही त्या शब्दांवर हक्क सांगून कंपनीने केलेल्या तक्रारीमुळे डिसेंबर २०१२ मध्ये एका लेखिकेची कादंबरी अ‍ॅमेझॉनच्या विक्रीतून उतरविण्यात आली. मोठा गवगवा झाल्यावर फेब्रुवारी २०१३ मध्ये ती परत विक्रीस आली. इंग्लंडातील जमीनदारांनी गावाची गायराने जशी कुंपणात घातली, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे गायरान भाषेचे होते.

आणि हे गायरान एके काळी खरोखरच सर्वांचे होते. युद्धखेळाचा प्रवास मोठा उद्बोधक आहे. भारतीय चतुरंगातून बुद्धिबळ, त्यावरून ब्रन्सविकच्या हेल्विग यांनी १७८० मध्ये रचलेला युद्धपट, आणि मग राइस्विट्झ पितापुत्रांचा 'क्रीगस्पील'. मुलाने १८२४ मध्ये नियम सिद्ध केले आणि प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांनी तो खेळ प्रशिक्षणासाठी उचलला. राजवाड्यातून आणि छावणीतून तो सामान्य घरात आणण्याचे मोठे श्रेय एच. जी. वेल्स यांचे, आणि वेल्स हे समाजवादी. काही वर्षे ते फेबियन सोसायटीचे सभासदही होते. १९१३ मध्ये त्यांनी 'लिटल वॉर्स' हे छोटे पुस्तक लिहिले. बाजारात मिळणारे कोणतेही शिसाचे शिपाई, स्प्रिंगने लाकडी गोळी उडविणारी खेळण्यातली तोफ आणि घराची जमीन एवढे त्याला पुरत असे. शिपाई कोणत्या कारखान्याचे, हे वेल्स विचारीत नाहीत. पुस्तकाच्या शेवटी ते सांगतात की ज्यांना युद्धाची हौस आहे त्यांनी ती जमिनीवर भागवावी, कारण खरे महायुद्ध ही माणसाच्या आवाक्याबाहेरची मूर्ख आणि खर्चिक गोष्ट आहे. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. इशारा फुकट गेला म्हणून तो चुकीचा ठरत नाही.

वेल्स यांच्या खेळातील दोन्ही सैन्ये माणसांची आणि एकमेकांसारखी असतात. आज आपली जी बाजू, ती उद्या मित्राची. 'लेव्हायथन'मध्ये शत्रू हा मुळी माणूसच नाही. तो केवळ भक्षण करतो. त्याच्याशी तह, वाटाघाट, देवघेव यांपैकी काहीही संभवत नाही. १९८७ मध्ये हे विश्व रचले गेले तेव्हा त्यात उपहास होता. मृतप्राय सम्राट, त्याच्या नावाने चालणारी धर्मांध नोकरशाही आणि अंतहीन लढाई हे सडलेल्या साम्राज्याचे विडंबन होते, आणि कोळसा कामगारांचा १९८४-८५ चा संप मोडल्यानंतरच्या थॅचरकालीन ब्रिटनमध्ये ते सहज कळण्यासारखे होते. पण पेटीच्या झाकणावर विडंबन छापता येत नाही. तेथे नायक लागतो. नायक विकता विकता उपहास विरळ झाला. अखेर २०२१ मध्ये स्पेनमधील एका स्पर्धेत नाझी चिन्हे मिरविणारा खेळाडू आल्यावर, आपल्या खेळातील साम्राज्य हा आदर्श नव्हे, असे कंपनीला जाहीरपणे सांगावे लागले. उपहास समजावून सांगण्याची पाळी यावी, यातच त्याचे अपयश आहे.

असे खेळ खेळून मुले युद्धखोर होतात, असा निष्कर्ष मात्र काढू नये. टेबलाच्या पलीकडे भक्षक जीवांचे सेनापतित्व करणारा शेजारचाच मित्र असतो. सामना संपला की दोघे मिळून शिपाई गोळा करतात, आणि या साहचर्याला कोणतीही कंपनी खंड लावू शकत नाही. 'ज्याला परवडत नाही त्याने घेऊ नये', हा बाजाराचा युक्तिवाद येथेच लंगडा पडतो. कारण खेळाचा खरा आनंद कंपनीने निर्माण केलेला नाही. तो खेळणाऱ्यांनी एकमेकांना दिलेला असतो. कंपनी केवळ त्याच्या वाटेवर जकातनाका उभारून बसली आहे.

मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. दिवाळीच्या सुट्टीत वाड्यावाड्यांत आणि चाळीचाळींत मुले दगड, विटा, पोती आणि चिखल यांचा किल्ला रचतात, उतारावर अळीव पेरून हिरवळ आणतात, आणि बुरुजांवर मातीचे मावळे उभे करतात. त्या किल्ल्याला आवृत्ती नाही, गुणसंख्या नाही, मालक नाही. ज्याचा मावळा फुटला त्याला शेजारचा मुलगा आपला देतो. आता मात्र प्लास्टरचे तयार किल्ले बाजारात आले आहेत, म्हणजे कुंपणाचे पहिले खांब आपल्याही अंगणात रोवले जात आहेत.

तेव्हा पेटीबद्दल निर्णय असा: कारागिरी उत्तम, पहिला भाव वाजवी, पुढचा मार्ग खर्चिक आणि परावलंबी. ज्याला घ्यावयाची असेल त्याने एकट्याने न घेता मित्रांत मिळून घ्यावी, शिपाई मनापासून रंगवावेत, आणि दर नव्या आवृत्तीच्या मागे धावू नये. नियम मोफत देणारे युद्धखेळही आज आहेत. कागदाचे शिपाईही चालतात. राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी खेळाला शिक्षणाचे साधन मानले. त्या परंपरेतील कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत एखादी खोली मिळवावी, तेथे दोन टेबले, फासे, रंग आणि वापरलेले शिपाई सर्वांसाठी ठेवावेत. कामाच्या ठिकाणी सामुदायिक मालकीची भाषा बोलणाऱ्या चळवळीने फुरसतीच्या ठिकाणी तिचा प्रयोग करून पाहण्यास एवढे सामान पुरेसे आहे.