घड्याळ नावाची नवी सासू

पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर आम्ही आठ-दहा जणी जमतो. सुरुवात झाली ती डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. कुणाची शुगर, कुणाचं बीपी, कुणाचं वाढलेलं वजन. आधी नुसतं चाललो, मग हळूहळू पळायला लागलो. ओढणी कमरेला बांधायची, धाप लागली की हसायचं आणि शेवटी कट्ट्यावर बसून थर्मासमधला चहा प्यायचा. आज मैदान तेच आहे, आम्हीही त्याच. पण थर्मास येईनासा झालाय. प्रत्येकीच्या मनगटावर घड्याळ आलंय आणि "कशी आहेस?" च्या जागी "किती झालं गं?" आलंय.

हे मी दुसऱ्यांबद्दल सांगत नाहीये, माझ्याबद्दलच सांगतेय.

साताऱ्याच्या डोंगरावरच्या हाफ मॅरेथॉनला मी आणि शेजारच्या वहिनी बरोबर गेलो होतो. एकवीस किलोमीटर, त्यात यवतेश्वरचा घाट. दोघींनी मिळून सराव केलेला, एकत्रच पोहोचायचं ठरलेलं. परत येताना वहिनींना गरगरायला लागलं. त्या कठड्याशी बसल्या आणि म्हणाल्या, "तू हो पुढे, मी येते मागून." मी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आणि गेले! अडीच तासांना एक मिनिट कमी असताना पोहोचले. वहिनींना स्वयंसेवकांनी मीठ-साखरेचं पाणी दिलं, त्या सावकाश चालत आल्या. मला म्हणाल्या, "बघू तुझं मेडल." पुढच्या आठवड्यापासून त्यांचं मैदानावर येणं बंद. विचारलं तर म्हणे गुडघा दुखतोय.

मैत्रिणींनो, हे पळण्याचं वेड तसं फार जुनं नाही. मुंबई मॅरेथॉन सुरू झाली 2004 मध्ये. आता जिल्ह्याच्याच काय, तालुक्याच्या गावातही अशा शर्यती होतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याबरोबर आकड्यांचा हव्यासही आला. इंडोनेशियात 2024 मध्ये एक भन्नाट प्रकार गाजला. स्ट्राव्हा नावाच्या ॲपवर आपल्या नावावर चांगला वेग दिसावा म्हणून लोक पैसे देऊन दुसऱ्याला पळायला लावत होते! मेक्सिको सिटीच्या 2023 च्या मॅरेथॉनमध्ये सुमारे अकरा हजार जण बाद ठरले. बिबवरच्या चिपची ठरावीक टप्प्यांवर नोंद होते, यांच्या काही नोंदी सापडल्याच नाहीत. फसवणूक काही नवी नाही. बोस्टनला 1980 मध्ये रोझी रुईझ ही बाई पहिली आली आणि आठ दिवसांत तिचं पद काढून घेतलं. ती शेवटच्या टप्प्यात गर्दीतून आत घुसली होती. पण तिला निदान पहिला नंबर हवा होता. पन्नाशीच्या हौशी माणसाला साडेपाच हजारावा नंबर साडेचार हजारावा करून काय मिळतं?

मी खूप विचार केला, तेव्हा माझ्यापुरतं उत्तर सापडलं. वीस वर्षं मी पोळ्या लाटल्या, डबे भरले, सासऱ्यांचं दुखणं काढलं. त्याला कुणी कधी मार्क दिले नाहीत. बिबवर पहिल्यांदा माझं स्वतःचं नाव छापून आलं. नुसतं माझं! मग तो आकडा जिवापाड जपावासा वाटणारच. त्यात पुरुष मंडळींचं "बायका काय, चालतातच" हे ऐकलेलं असतं. बायकांच्या धावण्याला मान सहज मिळालेलाही नाही. 1967 मध्ये बोस्टनला कॅथरीन स्वित्झर धावत होती, तर शर्यतीचा एक अधिकारी तिच्या अंगावर धावून तिचा नंबर ओढू लागला. ऑलिम्पिकमध्ये बायकांची मॅरेथॉन आली ती थेट 1984 ला. त्यामुळे ईर्षा वाईट असं मी म्हणणार नाही. बारामतीच्या शर्यतीत नवऱ्याच्या उपचारांसाठी नऊवारीत धावलेल्या लता भगवान करे आठवतात ना? त्यांच्यावर 2020 मध्ये चित्रपटही आला. त्यांना जिंकण्याची खरीच गरज होती.

आम्हाला कसली गरज होती? आमचं मेडल तर वेळेत पोहोचणाऱ्या प्रत्येकाला मिळतं. घरच्या धाकातून सुटून तासभर मोकळं व्हायला आम्ही मैदानावर आलो आणि तिथे आपल्याच हाताने नवी सासू मनगटावर बांधून घेतली. ती कधी "छान" म्हणत नाही, कालच्यापेक्षा किती कमी पडलीस तेवढं सांगते.

याची किंमत शरीरही मोजतं. रोज जीव काढून पळायचं नसतं. स्नायू बळकट होतात ते विश्रांतीत, रोज ताणलं तर दुखणी साठत जातात. साधी खूण म्हणजे पळताना शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. आठवड्यातले बहुतेक दिवस असेच असावेत. छातीत दुखलं, गरगरलं, अंगात ताप असला तर थांबायचंच, मग शर्यत कुठलीही असो. आणि नव्याने आलेल्या बाईला पहिल्याच दिवशी टायमिंग विचारू नये. ती पुन्हा येत नाही.

गेल्या महिन्यात मी वहिनींकडे गेले आणि सरळ म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी मी चुकले." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढे गेलीस त्याचं नाही गं. आधी घड्याळाकडे बघितलंस, ते लागलं." यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.

आता रविवारी आम्ही घड्याळं घरी ठेवतो. दोघी-तिघी कुरकुरल्या, पण ऐकलं. मागच्या रविवारी वहिनी आल्या. चालल्याच फक्त, मीही त्यांच्याबरोबर चालले. किती किलोमीटर झाले ते माहीत नाही. येताना थर्मास मात्र त्यांनी आठवणीने आणला होता.