परीक्षा, पाप आणि ऋण

ख्रिस्ती उपासनेत नित्य म्हटल्या जाणाऱ्या प्रभूच्या प्रार्थनेतील एक वाक्य फ्रान्समधील कॅथलिक चर्चने २०१७ च्या डिसेंबरात बदलले. इटलीतील चर्चने २०२० च्या नोव्हेंबरअखेरीस तेच केले. जुन्या पाठात भक्त देवाला विनवीत असे की त्याने आपल्याला मोहाकडे नेऊ नये. आणि मग मोहाकडे नेणारा देवच असतो की काय, असा संशय त्या विनवणीतून डोकावत असे. तत्कालीन पोप फ्रान्सिस यांनीही या पाठाविषयीची आपली नापसंती उघडपणे बोलून दाखविली होती. युरोपातील दोन प्रौढ भाषांना ज्या शब्दाने इतका काळ अडचणीत टाकले, त्या शब्दापाशी मराठी भाषांतर मात्र वेगळ्याच वाटेने गेले आहे. मराठी शुभवर्तमानात त्या ठिकाणी ‘परीक्षा’ हा शब्द येतो. ही निवड वाटते तितकी साधी नाही, आणि भारतीय साहित्यांच्या तौलनिक अभ्यासात तिची जितकी दखल घेतली जावयास हवी होती तितकी घेतली गेलेली नाही.

मूळ ग्रीक शब्द ‘पैरास्मोस’ असा आहे. कस पाहणे आणि भुरळ घालणे हे दोन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. मराठीत भुरळीसाठी ‘मोह’ हा शब्द सहज हाताशी होता. परंतु तो षड्रिपूंपैकी एक. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ भ्रांती, बुद्धीवर आलेले पटल. मराठीत एखादा मनुष्य ‘मोहात पडला’ असे म्हटले की तो पडलेलाच असतो; पडण्यापूर्वीची, अजून उभा असतानाची अवस्था त्या प्रयोगात उरत नाही. ख्रिस्ती विचाराचा सारा भर तर नेमका याच अवस्थेवर आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताविषयी जे प्रतिपादन आहे ते असे की, तो इतर माणसांप्रमाणेच सर्व बाबतींत पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. भुरळ पडू पाहणे हे पाप नव्हे. संमती हे पाप. ख्रिस्ताला मोह झाला असे लिहिताच मराठी वाचकाला त्याच्या ठिकाणी एक मालिन्य दिसू लागेल. ‘परीक्षा’ या शब्दाने ते टळले. अर्थात त्याची किंमतही मोजावी लागली: परीक्षेत भुरळीचा गोडवा नाही, आणि ज्यात गोडवा नाही त्याने माणूस ओढला कसा जातो, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. म्हणूनच याकोबाच्या पत्रात प्रचलित मराठी भाषांतराला दोन्ही शब्द आलटूनपालटून वापरावे लागले आहेत.

या ठिकाणी भारतीय अभ्यासकाला विश्वामित्र-मेनकेची कथा आठवणे स्वाभाविक आहे. बोधिवृक्षाखाली मार येतो तीही. साम्य खरे, पण ते वरवरचे आहे. विश्वामित्राच्या कथेत धोक्यात असते ती तपाने साठविलेली शक्ती. एका क्षणात वर्षानुवर्षांचा संचय सरतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात चाळीस दिवसांच्या उपवासानंतर अरण्यात जे घडते त्यात कोणत्याही संचयाचा प्रश्न नाही. धोंड्यांच्या भाकरी करणे, मंदिराच्या शिखरावरून उडी घेणे, जगातील राज्यांच्या मोबदल्यात दंडवत घालणे, या तिन्ही प्रसंगांत डिवचले जाते ते पित्याशी असलेले पुत्राचे नाते. पहिल्या दोन वेळी तर सैतान ‘तू देवाचा पुत्र असशील तर’ या अर्थाची अट घालूनच बोलतो. शिवाय तो धर्मग्रंथाचा आधार देतो, ही गोष्ट विशेष. अप्सरेला शास्त्रवचनाची गरज भासत नाही.

नाते तुटणे हाच पापाचा गाभा मानला तर ‘पाप’ हा मराठी शब्द कितपत पुरा पडतो? मराठी मनात पापाला पुण्य हा प्रतिशब्द लागूनच येतो. दोहोंची खातेवही असते, वजाबाकी होते, तीर्थस्नानाने क्षालन होते, उरलेले संचितात जमा होते. हिब्रू आणि ग्रीक भाषांतील मुख्य शब्दांच्या मागे मात्र नेम चुकण्याची कल्पना आहे. ‘शास्ते’ या पुस्तकात बन्यामीन वंशातील सातशे डावखुऱ्या गोफणदारांचा उल्लेख येतो. केसाचा वेध घेतानाही ते चुकत नसत. तेथे चुकण्यासाठी जो धातू वापरला आहे, तोच अन्यत्र पाप करण्यासाठी येतो. चुकलेल्या नेमाची बेरीज-वजाबाकी करता येत नाही.

उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, म्हणजे ज्याला पतनाची कथा म्हणतात तेथे, पाप हा शब्दच नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. (तेथे सफरचंदही नाही, ते पुढील काळातील चित्रकारांनी रूढ केले.) सर्प आज्ञा मोडण्यास सांगत नाही, तो एक प्रश्न विचारतो आणि त्यात देवाची आज्ञा किंचित फुगवून मांडतो. हव्वा ती दुरुस्त करते, पण दुरुस्त करताना स्वतःही एक भर घालते: फळाला स्पर्शही करावयाचा नाही, असे मूळ आज्ञेत नव्हते. बंधन प्रत्यक्षापेक्षा मोठे वाटू लागले, तेथेच भुरळीला वाट मिळाली. पुढचा परिणाम तर अधिकच मार्मिक आहे. देवाने शिक्षा उच्चारण्यापूर्वीच शिक्षा सुरू झालेली असते. दोघे एकमेकांपासून अंग झाकतात, मग झाडांआड लपतात. देवाचा पहिला प्रश्न ‘काय केलेस’ असा नसून ‘कोठे आहेस’ असा आहे. आदाम उत्तरादाखल स्त्रीकडे बोट दाखवितो, आणि ती स्त्री देवानेच दिलेली असल्याची आठवण करून देऊन देवाकडेही. स्त्री सर्पाकडे बोट दाखविते. पाप हा शब्द येतो तो पुढच्या अध्यायात, काइनाच्या कथेत, आणि तोही दाराशी दबा धरून बसलेल्या श्वापदासारखा.

हीच कथा फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध मराठीत सांगितली. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ त्यानंतर एक्कावन्न वर्षांनी आले. जुन्या पुराणांना मुकलेल्या नवख्रिस्ती श्रोत्यांसाठी रचलेल्या या ग्रंथात स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे, दुष्टात्म्यांना देवचार. श्रोत्यांच्या ओळखीच्या घरात अनोळखी पाहुणा आणून बसविण्याचा हा प्रयोग होता, आणि त्यातील ताण आजही वाचकाला जाणवतो. भारतीय विद्यापीठांच्या इंग्रजी विभागांतून मिल्टनच्या नवव्या सर्गाचे पारायण वर्षानुवर्षे होत आले आहे. स्टीफन्स मात्र मराठी विभागांत बहुधा मराठी भाषेच्या स्तुतीपुरताच उद्धृत होतो आणि पतनाचा त्याचा वृत्तान्त न वाचताच पुढच्या कवीकडे जाण्याची प्रथा पडली आहे. ही उपेक्षा अनाठायी आहे, कारण ख्रिस्ती पापकल्पना भारतीय भाषेत प्रथम किती शब्दांशी झगडली याचा दस्तऐवज म्हणून या ग्रंथाइतका जुना आणि विस्तृत पुरावा मराठीत दुसरा नाही.

पापाच्या परिणामांविषयी ख्रिस्ती परंपरा एकमुखी नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. याकोब परिणामाला जन्माची उपमा देतो: वासना गर्भ धरते, पाप जन्मते, आणि वाढलेल्या पापाच्या पोटी मरण येते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील विषयचिंतनापासून विनाशापर्यंतची साखळी याच्याशी ताडून पाहण्याजोगी आहे. फरक इतकाच की तेथे संमोह साखळीच्या मध्यावर, क्रोधाच्या मागून येतो. ऑगस्टीनने मात्र परिणामाला वारशाचे रूप दिले. सोळाव्या वर्षी सवंगड्यांबरोबर केलेल्या नासपतीच्या चोरीचे त्याने ‘कबुलीजबाबा’त जे विवेचन केले आहे त्याला तोड नाही. फळे गोड नव्हती, भूक नव्हती, घरी याहून चांगली फळे होती. चोरीतच रस होता. एवढे सूक्ष्म पाहणारा हा मनुष्य रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील बाराव्या वचनापाशी लॅटिन भाषांतराने चकला. ग्रीकमध्ये ‘ज्या अर्थी सर्वांनी पाप केले’ असा आशय निघतो. लॅटिनमध्ये तो ‘ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केले’ असा वाचता येत होता, आणि तो तसा वाचला गेला. आदामाच्या ठायी सर्व मानवजात अपराधी ठरली. बाप्तिस्म्याविना मेलेले अर्भकही. पूर्वेकडील ग्रीकभाषक चर्चने वारशाने आलेले मर्त्यत्व मानले, वारशाने आलेला अपराध मानला नाही. पाश्चात्त्य चर्चमध्ये त्या अर्भकांच्या गतीचा प्रश्न शतकानुशतके आईबापांना जाळीत राहिला, आणि अशा अर्भकांच्या तारणाची आशा बाळगण्यास आधार आहे असे व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने प्रसिद्ध केले ते २००७ साली. या सर्व दुःखाचे खापर एका शब्दयोगावर फोडणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु त्याला मोकळे सोडणेही बरोबर नाही.

भारतीय विचारात मूळपापासारखे काही नाही, असे विधान आपल्याकडे फार सहजतेने केले जाते. कर्मविचारापुरते ते ठीक आहे, कारण तेथे ज्याचे कर्म त्यालाच फळ. परंतु तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे. त्याने अजून काहीही केलेले नसते, तरी तो ऋषींचा, देवांचा आणि पितरांचा देणेकरी असतो. येथे दोष नाही, मलिनता नाही. तरीही जन्मापूर्वीचे एक बांधलेपण आहे. आणि आश्चर्य असे की, मत्तयातील प्रभूच्या प्रार्थनेत जेथे क्षमा मागितली जाते तेथे ग्रीक शब्द पापाचा नसून कर्जाचाच आहे. अरमाईक भाषेत तर कर्ज आणि पाप यांना एकच शब्द चालतो. मराठी भाषांतरकाराने तेथे ‘ऋण’ हा शब्द घातला. अक्षराला अक्षर लावताना त्याच्या हातून तुलनेचे एक मोठे दालन उघडले गेले, याची त्याला कल्पना असो वा नसो. ‘पाप’ शब्दाने जी खातेवही उघडली होती ती ‘ऋण’ शब्दाने बंद होत नाही, हे खरे. तीत सावकार मात्र दिसू लागतो. वैदिक ऋणे अध्ययनाने, यज्ञाने, संततीने फेडता येतात. शुभवर्तमानातील ऋण फेडण्याजोगे नाही. ते सोडले जाते, आणि ज्याचे सोडले गेले त्याने इतरांचे सोडावे अशी अपेक्षा तेथे आहे. मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात अगणित कर्ज माफ झालेला चाकर बाहेर पडताच आपल्या सोबत्याचा शंभर दीनारांसाठी गळा धरतो, तेव्हा त्याची माफी परत घेतली जाते.

१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. समीक्षकांनी या उद्गाराचा अर्थ बहुधा भक्तीच्या आर्ततेपुरता, पतितपणाच्या कबुलीपुरता घेतला आहे. तो चुकीचा नाही. पण देहूच्या परंपरेत आणखी एक प्रसंग सांगितला जातो. तुकोबांच्या घरी पिढीजात सावकारी होती. त्यांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाच्या खतांचे भावाबरोबर दोन वाटे केले, भावाचा वाटा त्याच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली.