मैफल, नवशिका आणि त्याचा कॅमेरा

मैफलीत कॅमेरा असावा की असू नये, या प्रश्नावर आपल्याकडे साधारणतः दोन मते ऐकू येतात. पहिले जाणत्या श्रोत्यांचे: कॅमेरा हा मैफलीतला उपद्रव आहे, तो दाराबाहेरच ठेवावा. दुसरे छायाचित्रणातल्या जाणकारांचे: मैफल टिपायची तर महागडी लेन्स हवी, ती नसेल त्याने या वाटेला जाऊ नये. ही मते परस्परविरोधी भासतात, परंतु त्यांचा परिणाम एकच होतो. साधा कॅमेरा घेऊन आलेला विद्यार्थी दोन्हीकडून बाहेर पडतो. आम्ही महाविद्यालयात मराठी शिकवणारी माणसे. छायाचित्रण हा आमचा विषय नव्हे. मात्र आमच्या वर्गांतली मुले गावातल्या संगीत मंडळांच्या कार्यक्रमांना जातात, त्यांच्यापैकी काहींच्या गळ्यात थोरल्या भावाचा किंवा कुणाकडून जुना घेतलेला कॅमेरा असतो, आणि त्यांना काय सांगावे हा प्रश्न आमच्यापुढे वारंवार उभा राहतो. आमचे म्हणणे असे, की नवशिक्याचा कॅमेरा मैफलीत जरूर असावा. त्याच्या साधनाची मर्यादाच त्याला अधिक चांगला श्रोता करू शकते. आणि तो नसेल तर आपल्या सांगीतिक इतिहासाचा एक मोठा भाग नोंदीविना राहील.

प्रथम ही मर्यादा नेमकी काय आहे ते पाहू. शिकाऊ कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८-५५ मिलिमीटरची लेन्स मिळते. गायकाचा चेहरा जवळ आणावा म्हणून ती ५५पर्यंत नेली की तिचे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, एफ ५.६हून अधिक उघडत नाही. सभागृहातला उजेड डोळ्यांना पुरेसा वाटला तरी कॅमेऱ्याला तो अपुरा असतो. मग शटर अधिक काळ उघडे ठेवावे लागते, आणि त्या अवधीत गायकाचा हात हलला की चित्रात हाताच्या जागी धूसर पट्टा उमटतो. शटरचा वेग वाढवायचा तर आयएसओ चढवावा लागतो, आणि जुन्या कॅमेऱ्यांत १६०० किंवा ३२००च्या पुढे चित्रावर रवा उठतो. यावर परवडणारा उपाय म्हणजे ५० मिलिमीटरची एफ १.८ची लेन्स. एफ ५.६च्या तुलनेत ती सुमारे दहापट प्रकाश आत घेते. पण तिला झूम नसते. बसल्या जागेवरून जेवढे दिसेल तेवढेच मिळणार, आणि पुढे सरकावे तर पुढे श्रोते बसलेले.

म्हणजे नवशिक्यापुढे प्रश्न उरतो तो असा: माणूस गात असताना, अंगात लय असताना, तो क्षणभर स्थिर केव्हा होतो? महागडा कॅमेरा सेकंदाला दहा-वीस चित्रे घेतो आणि त्यांतून एक निवडण्याची सोय देतो. साध्या कॅमेऱ्याला क्षण आधी ओळखावा लागतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँच्या १९५२च्या पुस्तकापासून ‘निर्णायक क्षण’ ही संज्ञा छायाचित्रणात रूढ झाली. रस्त्यावर हा क्षण अवचित येतो, त्याची चाहूल कुणी देत नाही. आपल्या संगीतात मात्र तो सांगून येतो. तालाचे आवर्तन फिरत असते, मुखडा सुरू झाला की सम किती मात्रांवर आहे हे जाणत्याला कळते, आणि समेवर गायकाचा खाली आलेला हात, तबलजीची मान आणि पुढच्या रांगेतल्या श्रोत्यांची दाद एकत्र येतात. त्या ठिकाणी हालचाल पूर्ण होऊन क्षणभर थांबते. एक-साठांश सेकंदाचे शटरही तेथे पुरते. तीच गोष्ट न्यासाची. तानेच्या मध्यावर टिपलेला चेहरा बहुधा ओढल्यासारखा दिसतो, तर तान संपवून स्वरावर विसावलेला चेहरा बोलका असतो. अतिविलंबित एकतालाचे एक आवर्तन जवळपास एक मिनिट चालते. एवढ्या अवधीत घाई करण्याचे कारण नाही; फक्त मात्रा मनात चालू ठेवाव्या लागतात. थोडक्यात, ज्याला सम कळत नाही त्याला मोठी लेन्स लागते, आणि ज्याला कळते त्याचे लहान लेन्सवर बरेच भागते.

वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) या ग्रंथाचा असाही उपयोग होऊ शकतो, हे आमच्या विद्यार्थ्यांना प्रथम चमत्कारिक वाटते. देशपांडे यांनी घराण्यांची मांडणी स्वर आणि लय या दोन टोकांच्या दरम्यान केली. किराणा स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला, आणि जयपूर या दोहोंचा तोल साधणारे. किराण्याच्या आलापीत दीर्घ स्वर असतात, डोळे मिटलेले असतात, हात एखाद्या स्वराभोवती रेंगाळतो. तेथे कमी वेगाचे शटर चालते आणि चौकटीत एकटा गायक पुरतो. आग्र्याच्या बोलबाटात मात्र गायक आणि तबला यांच्यातला संवाद हाच विषय असतो. तबलजीला चौकटीबाहेर ठेवले तर त्या गायकीतले काहीच चित्रात येत नाही. हा नियम यंत्रासारखा लावता येणार नाही, हेही खरे. भीमसेन जोशी किराण्याचे. पण त्यांच्या ताना सगळ्या देहातून उसळत, आणि सवाई गंधर्व महोत्सवात त्यांना पाहिलेल्या श्रोत्यांना ते गाणे आठवते ते त्या हातवाऱ्यांसकट. आजचे गायकही एका घराण्याच्या कुंपणात क्वचितच राहतात. तरीही गाणे कोणत्या दिशेने जाणार याचा अंदाज बांधण्याची सवय लागते, आणि ती सवय म्हणजेच श्रवण होय.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. साधनांच्या गरिबीचे गौरवीकरण करण्याचा आमचा हेतू नाही. काव्याच्या वर्गात वृत्ताचे बंधन कवीला कसे उपकारक ठरते हे आपण शिकवतो; म्हणून प्रत्येक बंधन उपकारक असते असे नाही. शेवटच्या रांगेतून ५० मिलिमीटरच्या लेन्सने चेहऱ्यावरचा भाव मिळणार नाही. तबल्यावर रेला चालू असताना बोटे पुसट येणारच. हल्लीच्या एलईडी दिव्यांखाली काही कॅमेऱ्यांच्या आवाजरहित शटरमुळे चित्रावर आडवे पट्टे उमटतात. ज्या गोष्टी साधनाअभावी होत नाहीत त्या होत नाहीत असे स्वच्छ मान्य करून, ज्या होतात त्यांकडे वळावे. पांढऱ्या कुडत्यावर झोत असेल तर कॅमेरा फसतो. तेव्हा प्रकाशमापन चेहऱ्यावरून करावे. तोंडापुढचा ध्वनिक्षेपक चेहरा झाकतो; समोरची जागा सोडून थोडे बाजूला बसले तर तो अडथळा सरतो आणि मागचे तानपुरेही चौकटीत येतात. या गोष्टींना पैसे पडत नाहीत.

मोठ्या नावांची सुरुवातही पुष्कळदा अशीच झालेली दिसते. अमेरिकेतल्या जाझ संगीताची आज जगभर ओळखली जाणारी छायाचित्रे हर्मन लेनर्ड यांनी काढली. १९४८च्या सुमारास न्यूयॉर्कच्या क्लबांत शिरण्याइतके पैसे त्यांच्याजवळ नसत. म्हणून मालकांना प्रसिद्धीसाठी छायाचित्रे द्यायची आणि त्या बदल्यात आत प्रवेश मिळवायचा, असा व्यवहार त्यांनी ठरवला. त्यांचा कॅमेरा बोजड होता आणि दिवे मोजके. डेक्स्टर गॉर्डन यांचे रॉयल रूस्ट क्लबातले छायाचित्र त्याच वर्षीचे. आपल्याकडचे उदाहरण दयानिता सिंग यांचे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत असताना त्या झाकीर हुसेन यांच्या मैफलीची छायाचित्रे काढायला गेल्या आणि आयोजकांनी त्यांना अडवले. या प्रसंगातूनच पुढे झाकीरजींशी परिचय झाला. सहा हिवाळे त्या त्यांच्यासोबत मैफलींच्या प्रवासात हिंडल्या, आणि १९८६मध्ये ‘झाकीर हुसेन’ हे त्यांचे पहिले पुस्तक निघाले. २०२२मध्ये त्यांना हासेलब्लाड पुरस्कार मिळाला; झाकीर हुसेन २०२४च्या डिसेंबरात गेले. आयोजकांचा नकार अखेरचा ठरला असता तर आपण काय गमावले असते, याचा विचार प्रत्येक कार्यकारिणीने करावा.

आता श्रोत्यांच्या आक्षेपाकडे वळू, कारण तो पोकळ नाही. ज्याचे लक्ष पडद्यावर आहे त्याचे गाण्यावर नाही, असे ते म्हणतात. हातात उंच धरलेल्या, उजळलेल्या भ्रमणध्वनींच्या रांगा पाहिल्या की या आक्षेपाशी सहमत व्हावे लागते. भ्रमणध्वनीचे रात्रीचे चित्रण अनेक प्रतिमा एकत्र करून सिद्ध होते, त्यामुळे हलत्या गायकाचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत येतो. आणि त्यासाठी मागच्या दहा जणांचे दर्शन अडते. या हौसेला आवर घालावा, यात आमचे दुमत नाही. परंतु या गर्दीत आणि कॅमेरा मांडीवर ठेवून समेची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यात फरक आहे. तो फरक आयोजकांनी ओळखावा, आणि विद्यार्थ्यानेही आपल्या वागणुकीतून तो दाखवावा. फ्लॅश कधीही नाही. फोकससाठी पेटणारा दिवा आणि मागचा पडदा बंद. गायक पहिला षड्ज लावीत असताना शटरचा आवाज नाही. जुन्या कॅमेऱ्यातला आरसा खटकन उठतो, तेव्हा तो द्रुतातच वापरलेला बरा. उभे राहणे नाही. कलावंताची परवानगी कार्यक्रमाआधी, त्यांच्या शिष्यांमार्फत का होईना, घेतलेली असावी. पाश्चात्य रॉक संगीताच्या कार्यक्रमांत छायाचित्रकारांना पहिली तीन गाणीच मोकळीक देण्याचा प्रघात आहे. आपल्याकडे याच्या उलट करावे असे आम्ही सुचवू: पहिला बडा ख्याल निव्वळ ऐकावा, आणि कॅमेरा त्यानंतर बाहेर काढावा. तोपर्यंत गायकाचे हात कसे चालतात, तो तबलजीकडे केव्हा पाहतो, हे ऐकता ऐकता ध्यानात आलेले असते.

या साऱ्याचे महत्त्व केवळ छंदापुरते असते तर आम्ही हा लेख लिहिला नसता. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ला सुरू झाला, आणि त्याची छायाचित्रे काढणारे सतीश पाकणीकर यांच्यासारखे कसलेले प्रकाशचित्रकार त्याला लाभले. तेथले गाणे आपल्या डोळ्यांपुढे आहे. परंतु महाराष्ट्रातले गाणे काही पुण्या-मुंबईच्या मंडपांतच झालेले नाही. मिरजेच्या दर्ग्यातली उरुसाची हजेरी, गोव्यातल्या देवळांचे उत्सव, तालुक्याच्या गावची गणेशोत्सवातली बैठक, एखाद्या शाळेच्या सभागृहात चाळीस श्रोत्यांपुढे होणारी मासिक सभा, यांतूनच श्रोते घडले आणि गायकही. तेथे व्यावसायिक छायाचित्रकार सहसा येत नाही. आला तर सत्काराचा नारळ आणि शाल टिपतो व गाणे सुरू होताच निघून जातो. परिणामी आपल्या गावोगावच्या मंडळांच्या स्मरणिका उघडल्या तर त्यांत दीपप्रज्वलन करणारे प्रमुख पाहुणे सापडतात, गाणारा गायक सापडत नाही. त्याच्या मागे तानपुरा धरून बसलेली शिष्या, पेटीवाले आणि तबलजी तर नाहीतच. साथीदारांवर आपण लिहीत नाही, आणि त्यांची छायाचित्रेही नाहीत. मग पन्नास वर्षांनी या गावच्या संगीताचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने कशाच्या आधारे लिहावा?

ही उणीव महागड्या लेन्सने भरून निघणारी नाही, कारण ती लेन्स तेथे जाणारच नाही. ती भरून काढील तो त्या गावातला, त्या सभेला दर महिन्याला येणारा विद्यार्थी. त्याची चित्रे रवाळ असतील, काही पुसट असतील. इतिहासाच्या दृष्टीने तो दोष गौण आहे. मात्र येथे आमच्या विषयाचा, म्हणजे भाषेचा, संबंध येतो. नोंद नसलेले छायाचित्र काही वर्षांत मुके होते. म्हणून प्रत्येक चित्राबरोबर चार ओळी लिहाव्यात: दिनांक, स्थळ, कलावंताचे आणि सर्व साथीदारांचे पूर्ण नाव, राग आणि ताल, आणि जमल्यास त्या क्षणी गाण्यात काय चालले होते याचे एक वाक्य. एक प्रत कलावंताला, एक मंडळाला द्यावी. हे शेवटचे वाक्य लिहिणे वाटते तितके सोपे नाही. गाणे ऐकले असेल तरच ते लिहिता येते.

मराठी विभागांनी आपल्या गावच्या संगीत मंडळाशी एवढाच करार करावा असे आम्हांस वाटते: वर्षभर दर सभेला दोन विद्यार्थी, एक साधा कॅमेरा आणि एक वही. मंडळाने त्यांना पहिल्या रांगेच्या कडेला, खांबाजवळ, जागा द्यावी. वर्षअखेरीस मंडळाच्या हाती बारा सभांची सचित्र नोंद असेल, आणि विभागाच्या हाती समेची वाट पाहायला शिकलेले दोन विद्यार्थी.