चाऱ्याच्या हिशेबात भूमिहीन कुठे?

दुष्काळ पडला की शासनाला जनावरांची आठवण होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातील १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले आणि पुढे चारा छावण्या उभ्या राहिल्या, त्या मुख्यतः गाय, बैल, म्हशींसाठी. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, पण दारात चार शेळ्या आहेत, त्याने काय करायचे? हा दयेचा प्रश्न नाही, नोंदीचा आहे.

चाऱ्याचा अंदाज कसा बांधतात? पिकाखालच्या क्षेत्रावरून कडबा, भुसा किती निघेल ते काढतात. जनावरांच्या संख्येवरून गरज काढतात. वजाबाकी केली की तुटवडा निघतो. पिकाची नोंद दर हंगामाला सातबाऱ्यावर होते. २०२१ पासून ई-पीक पाहणीने ती मोबाइलवर आली. जनावरे मात्र पाच वर्षांनी मोजायची! २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या होत्या. पुढची गणना सुरू व्हायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. मधल्या उन्हाळ्यांत चाऱ्याअभावी किती शेळ्या बाजारात गेल्या, हे कोण सांगणार?

शिवाय कडबा निघाला म्हणजे तो सर्वांना मिळाला असे नाही. कडबा शेतमालकाचा. भूमिहीनाने तो विकत घ्यावा, नाहीतर शेळ्या बांधावर, गायरानात न्याव्यात. तालुक्याच्या सरासरीत हा फरक बुडून जातो. सातबाऱ्यावर 'गायरान' एवढेच लिहिलेले असते. तिथे गवत किती, चरते कोणाचे, हे त्यावरून कळत नाही. उद्या जनावरांच्या चाऱ्याचे कारण पुढे करून गायरान कसणाऱ्या आपल्या माणसाला उठवायला आले, तर उत्तर कोणत्या आकड्याने देणार? सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालातही भूमिहीनांना व अनुसूचित जाती-जमातींना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद आहे. पण अपवाद मागायलाही कागद लागतो.

म्हणून मागणी साधी आहे. गावोगावी चारा नोंदवही ठेवा. भूमिहीनांची जनावरे, शेळ्या-मेंढ्या धरून, वेगळी लिहा. कडब्याचा भाव आणि गायरानातील गवत दर हंगामाला नोंदवा. नोंदवही ग्रामसभेत वाचा. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ प्रमाणे माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे हे शासनाचे कर्तव्यच आहे.

कार्यकर्त्यांनी मात्र शासनाची वाट पाहू नये. आपल्या वस्तीतील जनावरे या आठवड्यातच मोजावीत आणि यादी ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्यावी. ज्याची नोंद नाही, त्याचा हक्क नाकारणे सोपे जाते.