डोकं दुखतंय? दाताच्या डॉक्टरांना विचारा!

शीर्षक वाचून हसू आलं असेल तर हरकत नाही. डोकं दुखायला लागलं की आपल्या मालवणात आधी बाम, मग गोळी, मग चष्म्याचा नंबर, आणि तरीही थांबलं नाही तर थेट बांबोळी. या रांगेत दाताचा डॉक्टर कुठेच नसतो. माझं म्हणणं इतकंच की तो असायला हवा, आणि बराच आधी.

कारण सांगतो. एक डोकेदुखी अशी असते की माणूस ती घेऊनच उठतो. बहुधा दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं होतं, मळमळ नसते, आणि चारेक तासांत आपोआप उतरतं. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ च्या आवृत्तीत हिची वेगळी नोंद आहे: स्लीप अ‍ॅप्नियाची डोकेदुखी. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते, वाट बुजते आणि श्वास १० सेकंद किंवा जास्त वेळ अडतो. मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो, श्वास सुरू होतो, थोड्या वेळाने पुन्हा अडतो. तासाला असं ५ वेळा झालं तर आजाराची सुरुवात, ३० च्या वर गेलं तर तो गंभीर.

आपल्याकडे मात्र घोरणं म्हणजे गाढ झोप! "आमचे हे रात्रभर घोरतत नि सकाळी उठान कपाळाक बाम चोळतत", ही तक्रार घरोघरी ऐकू येते. ही दोन वाक्यं जोडून पाहायला कोणी तयार नसतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये बप्पी लाहिरी गेले तेव्हा डॉक्टरांनी मृत्यूचं कारण हाच आजार सांगितला होता. दोन दिवस चर्चा झाली, पुढे सगळे विसरले. पण रात्री मुंबई-गोवा हायवेवर गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरला दिवसा पेंग येत असेल, तर प्रश्न त्याच्या एकट्याच्या डोक्याचा राहत नाही.

आता दाताचे डॉक्टर कशाला? कारण दिवा लावून, आ करायला लावून, निवांतपणे तोंडात बघणारा तोच एक माणूस आहे. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे, झिजलेल्या दाढा, अरुंद टाळू, मागे असलेला खालचा जबडा, सुजलेले टॉन्सिल, हे सगळं त्याला समोर दिसतं. यावरून आजार सिद्ध होत नाही, संशय घेता येतो. मग विचारायचं, सकाळी डोकं दुखतं का? घरचे म्हणतात का, श्वास मध्येच थांबतो? २००८ मध्ये टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांनी यासाठी हो-नाही उत्तरांची सोपी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्या आज वापरात असलेल्या रूपात आठ प्रश्न आहेत. खर्च शून्य. अमेरिकेच्या दंतवैद्यक संघटनेने तर २०१७ मध्ये धोरणच केलं की दंतवैद्यांनी अशी चौकशी करावी.

उपचारातही त्यांचा वाटा आहे. मुख्य इलाज सीपॅप, म्हणजे नाकावर मास्क लावून दाबाने हवा देणारं यंत्र. पण ते अनेकांना सोसत नाही, आणि वीज गेली की बंद. अशांसाठी दंतवैद्य मापाची पट्टी बनवतात. ती रात्री खालचा जबडा पुढे धरून ठेवते, घशाची वाट मोकळी राहते. श्वासाचे अडथळे कमी करण्यात सीपॅप सरस, पण पट्टी लोक नेमाने वापरतात. मात्र दात मजबूत हवेत, सुरुवातीला जबडा दुखतो, वर्षांनी चावा थोडा बदलूही शकतो.

इथेच माझी एक धास्ती आहे. उद्या कोणी तपासणी न करताच पट्ट्या विकायला लागेल! निदान झोपेच्या तपासणीनंतर डॉक्टरांनीच करायचं, दंतवैद्याने नव्हे. दाढा झिजल्या म्हणून नुसती नाइट गार्ड देऊन पाठवणंही बरं नाही, काही रुग्णांत त्याने श्वासाचा त्रास वाढू शकतो. आणि प्रत्येक डोकेदुखी ही नव्हे. रक्तदाब बघायलाच हवा. महिन्यातले १५ दिवस वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं तर तडक दवाखाना गाठावा.

आपल्या जिल्ह्याचं बघा. मेंदूच्या तज्ज्ञाकडे जायचं म्हणजे गोवा नाहीतर कोल्हापूर, एका दिवसाची मजुरी बुडणार, सोबतीला घरचा एक माणूस. दाताचा दवाखाना मात्र मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, कुठल्याही बाजारपेठेत सापडतो. त्याने दोन प्रश्न विचारून एक चिठ्ठी लिहिली, तर माणूस योग्य दारात पोचेल. आता घरी झोपून करायची तपासणीही निघाली आहे.

असो. पुढच्या वेळी दाढ भरायला जाल तेव्हा घोरण्याची गोष्ट आपणहून काढा. आणि हो, सोबत घरच्यांनाही न्या. झोपेत आपला श्वास थांबतो हे आपल्याला कसं कळणार?